हरळी पेरायचा हंगाम

धुळ्याहून कोणत्याही दिशेला निघा, गाव संपायच्या आत तीन-चार ‘लॉन्स’ लागतात. रस्त्याला कमान, कमानीवर सोंड वर केलेले दोन सिमेंटचे हत्ती, आत मुरमाचं मैदान. लग्नाच्या आदल्या दिवशी त्या मैदानावर हिरवी चटई अंथरतात आणि तिच्या कोपऱ्यांवर विटा ठेवतात. पत्रिकेत मात्र ठळक अक्षरांत लॉन्स. जळगावलाही हाच प्रकार आहे, फक्त हत्तींच्या जागी कारंजं असतं आणि ते बंद असतं.

या मैदानांवर खरं गवत उगवून द्यायचा धंदा मी पंधरा वर्षं केला. गेल्या वर्षी कंबरेने राजीनामा दिला, तेव्हा मशीन पुतण्याकडे सोपवलं. दिवाळी अंकासाठी ‘तुमच्या धंद्यातल्या गमतीजमती लिहा’ असं सांगायला आलेल्या माणसाला मी म्हटलं, गमतीजमती पुष्कळ आहेत, पण त्यातली एक अशी आहे की तीत मी गाढव ठरतो. तो म्हणाला, तीच लिहा.

आधी धंदा समजून घ्या. याला हायड्रोसीडिंग म्हणतात. ट्रॉलीवर एक मोठी टाकी, टाकीत पाणी, त्यात गवताचं बी, रद्दी कागदाचा लगदा, थोडं खत, थोडा डिंक आणि हिरवा रंग. आत पाती फिरत असतात, त्यामुळे सगळ्याचं पातळ पिठलं होतं. ते जाड पाइपने जमिनीवर फवारायचं. डिंकामुळे बी जागेवर चिकटतं, लगद्यामुळे ओल टिकते. रंग कशाला, तर कुठं मारलं आणि कुठं राहिलं ते आम्हाला कळावं म्हणून. पण गिऱ्हाइकाला वाटतं गवत आलं. जळगावच्या एका बिल्डरने त्याच संध्याकाळी बायकोला त्या हिरव्या चिखलासमोर उभं करून फोटो काढले आणि सगळ्या नातेवाइकांना पाठवले. चार दिवसांनी उन्हाने रंग उडाला, तेव्हा पहाटे सहाला फोन. “भाऊ, तुमचा लॉन वाळला!” जो अजून उगवलाच नव्हता तो वाळला कसा, हे समजावून सांगण्यात माझी सकाळ गेली.

दुसरी अडचण मशीनच्या रूपाची. टाकी, पंप, जाड नळी. कॉलनीत शिरलो की लोक पटापट खिडक्या लावून घ्यायचे. त्यांना वाटायचं, संडासाची टाकी उपसणारी गाडी आली. एका डॉक्टरीणबाईंनी नाकाला पदर लावून मला विचारलं होतं की मागच्या वेळी तुम्ही अर्धंच उपसून गेलात, आता पूर्ण नेणार का.

आणि बी कसलं? पाकिटावर परदेशातल्या हिरव्यागार मैदानाचं चित्र असतं आणि बर्म्युडा असं भारी नाव असतं. आत असते हरळी. आपली बांधावरची हरळी. जरा बारीक पानाची, जरा शिकलेली, पण हरळीच. ज्या हरळीपायी खानदेशातल्या पिढ्यान्‌पिढ्या उन्हात उकिडव्या बसून म्हाताऱ्या झाल्या, ती मी लोकांच्या दारात हौसेने पेरून द्यायचो. सावद्याजवळच्या माझ्या गावी हे कळलं तेव्हा चुलत्यांनी आठ दिवस माझ्याशी बोलणं टाकलं. माझं डोकं फिरलंय असा त्यांनी समज करून घेतला होता.

तर हरळी. शेतकऱ्याला विचारा, ती कधी उगवते? तो म्हणेल, कायम. नको असली की ती कायम उगवते, खरं आहे. पाहिजे असली की तिला हंगाम लागतो. हा हंगाम ओळखणं, एवढीच माझी कला होती. बाकी फवारायचं काम कोणीही करेल.

मी हंगाम सणांवर बसवला होता, कारण गिऱ्हाइकांना सणच कळतात. पहिला हंगाम पोळा ते घटस्थापना. पावसाचा धुमाकूळ सरलेला असतो, जमीन ऊबदार आणि ओली असते, बी सातव्या-आठव्या दिवशी डोकं काढतं. दुसरा महाशिवरात्र ते गुढीपाडवा. थंडी गेलेली, ऊन अजून पिसाळलेलं नसतं, मात्र दिवसातून चार वेळा हलकं पाणी मारणारा माणूस पाहिजे. या दोन हंगामांच्या बाहेर मला बोलवू नका. भर पावसाळ्यात फवारलं तर बी गटारीने शेजाऱ्याच्या दारात जातं, आणि शेजाऱ्याला फुकटात लॉन मिळतो. पाडव्यानंतर फवारलं तर लगदा तिसऱ्या दिवशी पापडासारखा उलतो. थंडीत फवारलं तर बी नुसतं पडून राहतं आणि चिमण्या जेवून जातात.

सावद्याच्या एका केळी व्यापाऱ्याला मी हे सगळं समजावलं होतं. डिसेंबरचा महिना. तो म्हणाला, “माह्याकडे पानी हाये, मजूर हायेत. मले हंगाम नोको सांगू.” मी म्हटलं, ज्या थंडीने तुमच्या केळीला चरका बसतो त्या थंडीत हरळी काय उगवणार? त्याला चरका शब्द ऐकू आला, बाकी काही नाही. मी फवारून दिलं, कारण मोठं गिऱ्हाईक होतं आणि माझाही स्वभाव तेव्हा तेवढा तत्त्वनिष्ठ नव्हता. पंधरा दिवस काही उगवलं नाही. मग या गृहस्थाने केळीला थंडी लागू नये म्हणून बागेत जो धूर करतात, तोच बंगल्याच्या चारी बाजूंनी पहाटे केला. ओला पाचोळा, भुसा, सगळी तयारी. शेजाऱ्यांनी आगीचा बंब बोलावला. बंबाने जे पाणी मारलं त्यात उरलंसुरलं बी वाहून गेलं. फेब्रुवारीत मी पुन्हा गेलो, तेव्हा तो नम्रपणे म्हणाला, “तू सांगशीन तवा.”

असे दोन-चार किस्से घडले की माणसाच्या डोक्यात हवा जाते. माझ्याही गेली. मी म्हणेन तो हंगाम, आणि हंगाम बरोबर असला तर गवत येणारच. नाही आलं तर चूक दुसऱ्या कोणाची तरी. हे मी लोकांना इतक्या वेळा ऐकवलं की शेवटी मलाच पाठ झालं. आणि मग धुळ्याचे नाना भेटले.

नाना म्हणजे धुळ्याच्या बाहेर, साक्रीच्या रस्त्यावरच्या एका लॉन्सचे मालक. वडिलोपार्जित वावर होतं, रस्ता मोठा झाला तशी त्यांनी तिथे कमान उभी केली. मागच्या बाजूला राहतं घर, घरात म्हातारे वडील, त्यांना सगळे आबा म्हणत. संक्रांत झाली आणि नाना जळगावला माझ्याकडे आले.

“भाऊ, मनी एकच आंडेर शे,” ते म्हणाले. आंडेर म्हणजे लेक. “आयुष्यभर मी दुनियाना पोरीस्नं लगीन चटईवर लाई दिधं. मनी पोरनी पंगत खऱ्या गवतवर बसाडसू.”

तारीख आखाजीनंतरच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतरच्या चौथ्या दिवसाची. मुलाकडचे लोक शिंदखेड्याकडचे, मोठे शेतकरी, एकत्र कुटुंब. नानांच्या बोलण्यात ‘याही लोके’ हे शब्द दर तिसऱ्या वाक्याला येत होते. व्याह्यांनी येऊन बघावं आणि थक्क व्हावं, एवढीच त्यांची इच्छा. त्यांना फवारणी त्याच आठवड्यात पाहिजे होती. मी म्हटलं, नाही. महाशिवरात्र झाली की दुसऱ्या दिवशी मी तुमच्या दारात. ते मानले. एवढं लवकर मानणारं गिऱ्हाईक मला सहसा मिळत नसे, त्यामुळे मी त्यांच्यावर खूश होतो.

ठरल्याप्रमाणे फवारलं. पाणी मारायला नानांकडे रतन नावाचा माणूस होता. तिशी ओलांडलेला, कमी बोलणारा, सकाळी आठला सायकलवर यायचा आणि अंधार पडला की जायचा. मी त्याला शिकवलं, धार मारायची नाही, पाऊस भुरभुरतो तसं मारायचं, चार वेळा. त्याने मान डोलावली. नवव्या दिवशी मी गेलो तर सगळ्या मैदानावर हिरवी लव आलेली. नानांनी माझ्यासमोर वाकून तिला हात लावला आणि तोच हात कपाळाला लावला. त्या दिवशी परत येताना मी पारोळ्याला थांबून दोन प्लेट भजी खाल्ली.

मग फोन आला. घराच्या बाजूचा कोपरा उघडा पडलाय.

मी गेलो. एक तीन-चार खाटा मावतील एवढं टक्कल. मला वाटलं मुंग्यांनी बी नेलं असेल. पुन्हा तेवढ्यावर फवारलं, हंगाम अजून होता. ते उगवलं. उगवलं आणि पुन्हा गेलं, वर टक्कल मोठं झालं. मी पाणी तपासलं, खारं नव्हतं. माती हुंगली. नळीचं तोंड उघडून बघितलं. हुमणीची अळी लागली का म्हणून खणून पाहिलं. आता मागे वळून बघताना एक गोष्ट मला फार छळते. त्या टकलाची कड सरळ होती. ऊन, मुंगी, किडा, यांपैकी कोणीही सरळ रेषेत काम करत नाही. शेतकऱ्याच्या पोटी जन्मलेल्या माणसाला ती कड बघून एका क्षणात कळायला पाहिजे होतं. पण मी तज्ज्ञ झालो होतो.

पाडव्याच्या दोन दिवस आधी नानांनी मला सगळ्यांसमोर विचारलं, “भाऊ, हंगाम चुकना का?”

तिथे मंडपवाले होते, भांडी बघायला आलेला आचारी होता, नानांचे दोन शेजारी होते. माझा हंगाम चुकला असं कोणी चारचौघांत म्हणायची ती पहिली वेळ. माझं डोकं सणकलं. मी म्हणालो, “हंगाम चुकत नसतो, माणूस चुकतो. या कोपऱ्याला पाणी नाही मिळालेलं.”

सगळ्यांनी रतनकडे बघितलं. तो पाइप गुंडाळत होता.

“भाऊ, मी चार टाइम पानी दिधं,” तो म्हणाला.

“मग काय बी उठून साक्रीला गेलं?” मी म्हणालो.

लोक हसले. टाळीचं वाक्य होतं, मलाही ते आवडलं. नानांनी त्याच दिवशी रतनला काढून टाकलं. आचाऱ्याने त्याला जाता जाता ‘कोरडा रतन’ म्हटलं, आणि ते नाव त्याच्यामागे सायकलच्या कॅरियरवर बसून त्याच्या गावापर्यंत गेलं.

मी टकलावर तिसऱ्यांदा फवारलं. या वेळी पाणी मारायला दुसरा माणूस होता. आणि मला स्वतःलाच काय झालं कोणास ठाऊक, कदाचित रतनचा चेहरा डोक्यात राहिला असेल, मी ठरवलं की आठवडाभराने न सांगता, उजाडताच जाऊन बघायचं.

गेलो तेव्हा नुकतं फटफटलं होतं. टकलाच्या कडेला पांढरं धोतर नेसलेले आबा उकिडवे बसले होते. हातात खुरपं. उजवीकडून डावीकडे एकेक रोप मुळासकट काढायचं, माती झटकायची, मागे टाकायचं, एक बोट पुढे सरकायचं. मागे एका टोपलीत माझं बर्म्युडा नीट जुड्या करून ठेवलेलं. गोठ्यातली म्हैस त्या टोपलीकडे मोठ्या आशेने बघत होती.

“आबा, काय करताय?” मी विचारलं.

त्यांनी वर बघितलं. “कोन? हां, औषध मारनारा. देख ना रे भो, हरयी. बठ्ठ्या वावरमा हरयी व्हई गयी. नानाले काय ध्यान शे? नातनं लगीन तोंडवर उनं. याही लोके येतीन, वावरमा हरयी देखतीन, काय म्हनतीन? आबा मरी गया का?”

मी त्यांच्या शेजारीच खाली बसलो. महिनाभर बाप-लेक एकाच अब्रूसाठी एकाच जमिनीवर राबत होते. लेक व्याह्यांना दाखवायला गवत वाढवत होता आणि बाप व्याह्यांना दिसू नये म्हणून ते उपटत होता. म्हाताऱ्याचं डोकं शाबूत होतं, नजर तर माझ्याहून तेज. फक्त हे मुद्दाम पेरलंय, एवढं कोणी त्यांना सांगितलं नव्हतं. टाकीतून काय मारताय म्हणून त्यांनी पहिल्या दिवशी विचारलं होतं, आणि कामाच्या गडबडीत कोणीतरी ‘औषध’ म्हणून मोकळं झालं होतं. तो कोणीतरी मीच होतो, हे मला तिथे बसल्यावर आठवलं. आबा रोज पहाटे उठायचे, चहाची हाक आली की खुरपं धुऊन ठेवायचे. नाना सातला उठत. गवत म्हशीच्या पोटात.

“आबा,” मी म्हणालो, “ही हरळी मी पेरली आहे.”

“हरयी पेरी?”

“हो.”

“तू पेरी?”

“हो.”

त्यांनी खुरप्याची माती झटकली. मग विचारलं, “तुना बाप जित्ता शे का?”

“नाही.”

“बरं व्हयनं,” ते म्हणाले आणि पुढचं रोप उपटलं.

तेवढ्यात नाना आले. मी सगळं सांगितलं. नानांनी आधी वडिलांवर आवाज चढवला, मग खुरप्याकडे बघितलं, मग खाली बसून हसता हसता डोळे पुसले. आबांना गवताची पंगत वगैरे समजावून सांगितली. त्यांना ती अजिबात पटली नाही, पण नातीचं नाव काढलं तेव्हा खुरपं खाली ठेवलं. म्हणाले, “लगीन व्हस तवलोंग थांबस. मंग बठ्ठी उपटसू.”

आता राहिला रतन. नाना म्हणाले, फोन करून बोलावून घेतो. मी म्हटलं, मी जातो. त्याच्या गावाला गेलो तर तो दुसऱ्याच्या कांद्यात कामाला होता. बांधावर उभं राहून मी त्याला सांगितलं की बाबा, पाण्याची चूक नव्हती, आबा उपटत होते.

“माले माहीत व्हतं,” तो म्हणाला.

“कधीपासून?”

“पहिला दिनपासून. एकदाव लवकर उनू व्हतू, तवय देखं.”

“मग त्या दिवशी बोलला का नाहीस?”

“तुम्ही इचारं कोठे? तुम्ही ते सांगी ऱ्हायनात.” त्याने हातातली कांद्याची पात खाली टाकली. “आनि लोकेस्ना सामने आबानं नाव कसं लेऊ? माले काढं ते दुसरं काम भेटी जाई. आबानी इज्जत गयी ते ती कोठे भेटी?”

मला लाज वाटली. हे वाक्य मी उगाच नटवून लिहीत नाही. उन्हात उभा असताना कान गरम झाले ते उन्हाने नव्हे. चारचौघांत माझा हंगाम वाचवायला मी त्याचं नाव दिलं होतं, आणि त्याने त्याच चारचौघांत म्हाताऱ्याला वाचवायला ते अंगावर घेतलं होतं. मी माफी मागितली. तो पुन्हा कांद्यात वाकला. कामावर मात्र दुसऱ्या दिवशी आला.

पण माफी मी मागितली होती ती बांधावर, एका कावळ्याच्या साक्षीने. हिणवलं होतं ते मंडपवाल्यांसमोर. त्यामुळे रतन परत आला तरी नाव गेलं नाही. नानांना खरं कळलं होतं, पण वडिलांचा विषय म्हणून तेही बाहेर बोलत नव्हते. मंडपवाले त्याला बघून पाण्याची बाटली पुढे करत, “घे रे कोरडा, पी.” तो पाइप ओढत पुढे जाई. हे माझ्यासमोर एकदा घडलं, आणि मी दुसरीकडे बघितलं. मनात म्हटलं, आबांचं नाव निघेल, कशाला आता. आबांच्या आडून मी स्वतःलाच झाकत होतो, हे मला कळत होतं.

आबांनी खुरपं थांबवलं तोवर पाडवा मागे पडला होता. तिसऱ्या फवारणीतले जे चार केस उगवले होते तेही उन्हाने नेले. नाना म्हणाले, अजून एकदा मारा. मी नाही म्हटलं. शेवटी त्या टकलावर ज्येष्ठांच्या खुर्च्या मांडायचं ठरलं.

लग्नाचा दिवस. बाकीचं मैदान असं काही जमलं होतं की मीच चप्पल काढून आत गेलो. हिरवंगार, दाट, मऊ. पाहुणे कमानीतून आत येत आणि थबकत. पोरं लोळत होती. बायका निऱ्या वर धरून चालून बघत होत्या. नाना व्याह्यांना घेऊन फिरत होते, त्यांची छाती कोटाची बटणं तोडायच्या बेतात. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, गवतावर पंगतीच्या लांब पट्ट्या अंथरल्या गेल्या. आतून वरण-बट्टीचा आणि वांग्याच्या भाजीचा वास सुटला.

आणि ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, ते नवरदेवाचे आजोबा, पांढरा फेटा, ऐंशीच्या पुढचे, टकलावरच्या खुर्चीत आबांच्या शेजारी येऊन बसले. त्यांनी कोऱ्या जमिनीकडे बघितलं. मग पलीकडच्या हिरवळीकडे बघितलं. वाकून एक काडी उपटली, डोळ्यांसमोर धरली.

“आबा,” ते म्हणाले, “हाऊ कोपरा तुम्ही साफ कया का?”

“मी.”

“एक नंबर काम शे. पन बाकीना वावरमा हरयी भलती माजनी.”

“मी काढी ऱ्हायनू व्हतू,” आबांनी तक्रार केली. “यास्नी माले थांबाडं.”

“थांबाडं? कसाले?” नवरदेवाचे आजोबा खुर्चीतून उठले, धोतर सावरलं आणि हिरवळीच्या कडेला उकिडवे बसले. “चाला, या.”

लग्नाच्या मंडपात, फेटे बांधलेले दोन म्हातारे शेजारी शेजारी बसून हरळी उपटायला लागले. चपळ हात होते दोघांचे. नाना पळत आले आणि मधेच थांबले, कारण व्याह्यांना आवरायचं कसं याची तजवीज त्यांनी केलेली नव्हती. पाहुणे गोळा झाले. काय झालं, काय झालं. मंडपवाल्यांपैकी एकजण खो खो हसत ओरडला, “अरे, तो कोपरा कोरडा रतनना शे! पानीच नही दिधं त्यानी, आते आजोबा दुरुस्त करी ऱ्हायनात!”

सगळ्या माना रतनकडे वळल्या. तो मागे, पाण्याच्या टाकीजवळ पाइप धरून उभा होता. नवा शर्ट घालून आला होता. त्याने माझ्याकडे बघितलं. दुसरीकडे बघायला या वेळी मला जागाच नव्हती.

माइकवर एक गृहस्थ ‘कोणीही जेवल्याशिवाय जाऊ नये’ असं दर दोन मिनिटांनी सांगत होते. मी त्यांच्या हातातून माइक घेतला.

“मी हे गवत पेरणारा,” मी म्हणालो. “हा कोपरा रतनमुळे उघडा पडला नाही. त्याने चार वेळा पाणी दिलं, रोज. मी त्याला चारचौघांत खोटं पाडलं, कारण मला माझा हंगाम खरा करायचा होता. हे सगळं पेरलेलं आहे हे आबांना सांगायचं काम माझं होतं, मी सांगितलं नाही. चूक माझी. त्याला कोणी कोरडा म्हणायचं नाही. म्हणायचं असेल तर मला म्हणा.”

मागच्या बाजूला कोणीतरी कोणाला तरी विचारलं, हा मुलीचा मामा का? तेवढ्यात आबा खालूनच, मान वर न करता, खणखणीत आवाजात म्हणाले, “मी उपटी! मना वावरमा मी उपटी!” आणि नवरदेवाचे आजोबा म्हणाले, “बराबर कयं!” लोक हसले. मंडपवाला तेवढा हसला नाही.

मी माइक परत दिला. रतनने पाइप खाली ठेवला, टाकीवर हात धुतले, शर्टालाच पुसले. मला वाटलं माझ्याकडे येईल. तो आला नाही. तो हिरवळीवरून सरळ पुढे चालत गेला, व्याह्यांच्या पंगतीत, अगदी मधोमध रिकाम्या पानावर मांडी घालून बसला, आणि बट्टीची परात घेऊन थांबलेल्या त्याच आचाऱ्याला म्हणाला, “वाढ.”